अनवाणी खेळणाऱ्या टीमला आशियाचं गोल्ड मिळवून देणारा हैदराबादचा शाळामास्तर

भातसानगरच्या शाळेत जा, शहापूरला जा नाहीतर मुरबाडला जा. प्रत्येक शाळेत एक सर असतातच. गळ्यात शिट्टी, पायात जुने कॅनव्हासचे बूट. शिकवायचा विषय कागदावर वेगळाच असतो, पण जीव सगळा ग्राउंडवर. तालुक्याच्या स्पर्धेला पोरांना एसटीने घेऊन जाणारे, हरल्यावर वडापाव खायला घालणारे आणि पोरगं पुढं गेलं की फोटोत कुठंच नसणारे.

हैदराबादमध्येही असेच एक सर होते. नाव सय्यद अब्दुल रहीम.

फरक इतकाच की या सरांनी घडवलेली टीम तालुक्याला नाही, ऑलिम्पिकला गेली आणि तिथं सेमीफायनल खेळली. पुढं आशियाई स्पर्धेत तिनं गोल्ड आणलं. त्या गोल्डला साठ वर्षं उलटून गेली, पण भारताला ते पुन्हा कधी जिंकता आलेलं नाही.

२०२४ मध्ये अजय देवगणचा मैदान आला आणि बऱ्याच जणांनी रहीम हे नाव पहिल्यांदा ऐकलं. पिक्चरमध्ये व्हिलन आहेत, राजकारण आहे, भाषणं आहेत. पण खरी भारी गोष्ट पिक्चरमध्ये अर्धीच आली आहे. रहीम साहेबांनी नेमकं शिकवलं काय? अनवाणी पळणारी, प्रत्येकानं बॉल घेऊन एकट्यानं पुढं घुसायचं एवढंच माहीत असलेली टीम युरोपला टक्कर देण्याइतकी शिस्तीची कशी झाली?

त्यासाठी सुरुवातीपासून सुरुवात करू.

१७ ऑगस्ट १९०९. निजामाच्या हैदराबादमध्ये रहीम यांचा जन्म झाला. इथं एक लक्षात घ्या, त्या काळात हैदराबाद म्हणजे फक्त चारमिनारचं शहर नव्हे. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे सगळं त्याच संस्थानात होतं. त्यामुळं मराठवाड्यातल्या माणसासाठी हैदराबाद ही राजधानी होती आणि कॉलेज करायचं असेल तर उस्मानिया विद्यापीठ हाच मोठा दरवाजा.

त्याच उस्मानियात रहीम शिकले आणि तिथंच खेळले. विद्यापीठाच्या टीममध्ये त्यांची गणना चांगल्या खेळाडूंमध्ये होत होती. नंतर शहरातल्या स्थानिक क्लबकडूनही ते लीग खेळले. पण खेळाडू म्हणून ते देशभर गाजले असं काही झालं नाही. कोच म्हणून मोठी झालेली बरीच माणसं अशीच असतात, स्वतः खेळताना ठीकठाक, पण मैदानाच्या बाहेर उभं राहिल्यावर ज्यांना बाकीच्यांपेक्षा जास्त दिसतं.

बीए झाल्यावर त्यांनी मास्तरकी धरली. काचीगुडा, चादरघाट अशा हैदराबादमधल्या वेगवेगळ्या शाळांमध्ये शिकवलं. मग शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा केला आणि शाळेतल्या खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. म्हणजे आजच्या भाषेत पीटीचे सर.

हा मास्तरकीचा भाग चरित्र सांगताना लोक दोन ओळींत उरकतात. माझ्या मते सगळी गोम तिथंच आहे. कारण शाळेतल्या मास्तराकडं निवडायला स्टार खेळाडू नसतात. वर्गात जी पोरं आहेत, त्यांच्यातूनच टीम बनवायची असते. एक पोरगं उंच, एक बुटकं, एकाला डावा पाय चालतच नाही, एक बॉल मिळाला की सोडतच नाही. या सगळ्यांना एका साच्यात बसवायचं कसं, हे ज्याला जमलं तो पुढं कुठलीही टीम बांधू शकतो.

१९४० च्या दशकात ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सेक्रेटरी झाले आणि मरेपर्यंत राहिले. संघटनेचं काम म्हणजे खुर्ची, असं त्यांनी मानलं नाही. त्यांनी विचित्र वाटतील अशा स्पर्धा भरवायला सुरुवात केली. एक स्पर्धा अशी, जिच्यात ड्रिबलिंग करायला बंदी. बॉल आला की पास द्यायचा, स्वतः घेऊन पळायचं नाही. दुसरी अशी, जिच्यात जो पाय कच्चा आहे त्याच पायानं खेळायचं.

आज कुठल्याही ॲकॅडमीत असे सराव घेतले जातात. पण सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचा भारतीय फुटबॉल आठवा. लोकांना ड्रिबलिंग बघायचं असायचं. चार जणांना चकवून जो गोल मारेल तो हिरो. तिथं एक मास्तर उठतो आणि चकवायलाच बंदी घालतो. लोकांनी नावं ठेवली नसतील तरच नवल.

१९५० मध्ये रहीम यांच्या हातात हैदराबाद सिटी पोलीसची टीम आली. पोलीस कारवाई होऊन संस्थान भारतात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. शहर अजून सावरत होतं. अशा वेळी पोलिसांच्या नोकरीत असलेली, गल्लीबोळात खेळून मोठी झालेली ही पोरं घेऊन रहीम मुंबईला आले, रोव्हर्स कप खेळायला.

रोव्हर्स कप म्हणजे त्या काळातलं मोठं प्रकरण होतं. १८९१ पासून मुंबईत भरणारी स्पर्धा. सुरुवातीची कितीतरी वर्षं ती ब्रिटिश पलटणींच्या टीमच जिंकायच्या. पहिल्यांदा भारतीय क्लबनं ती जिंकली ते थेट १९३७ मध्ये, बंगलोर मुस्लिम्सनं. फायनल कूपरेजवर. आज चर्चगेटकडून मंत्रालयाकडं जाताना जे मैदान दिसतं, तेच ते.

हैदराबाद पोलीसनं १९५० चा रोव्हर्स जिंकला. मग १९५१ चा, १९५२ चा, १९५३ चा आणि १९५४ चा. सलग पाच.

मुंबईकर प्रेक्षकाला चांगला खेळ कळतो, असा मुंबईकरांचाच दावा असतो. पण ही पाच वर्षं त्यानं कूपरेजवर बसून जे बघितलं, ते त्याच्यासाठीही नवीन होतं. बॉल जमिनीवर राहतोय, एका पायातून दुसऱ्या पायात जातोय, पुढच्या खेळाडूनं बॉल घालवला की लगेच तीन जण मागं येऊन जागा अडवतायत. १९५० मध्येच या टीमनं ड्युरँड कपही घेतला आणि तोही मोहन बागानला हरवून. त्या काळात कलकत्त्याच्या बाहेरची एखादी टीम मोहन बागानला फायनलमध्ये हरवते, ही साधी गोष्ट नव्हती.

पुढं १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षं हैदराबादनं संतोष ट्रॉफी जिंकली. दोन्ही वेळेला फायनलमध्ये समोर कोण होतं माहितीये? बॉम्बे. थोडक्यात, रहीम साहेबांनी आपल्याला मनसोक्त हरवलंय.

आता जरा टेक्निकल भाग. कंटाळा करू नका, गोष्ट इथंच उलगडते.

त्या काळात भारतात जुन्या इंग्रजी पद्धतीनं फुटबॉल खेळायचे. मागं फक्त दोन फुलबॅक, मध्ये तीन हाफबॅक आणि पुढं तब्बल पाच फॉरवर्ड. म्हणजे अर्धी टीम गोल मारायला आणि राखायला दोन जण. युरोपनं ही पद्धत कधीच बदलली होती. ऑफसाइडचा नियम १९२५ मध्ये बदलल्यावर फॉरवर्डला मोकळीक मिळाली आणि दोन माणसांच्या बचावाची वाट लागायला लागली. त्यामुळं तिकडं तिसरा बॅक आला, मधोमध उभा राहणारा, ज्याला आपण स्टॉपर म्हणतो.

भारतात मात्र दोन बॅकचाच खेळ चालू होता. त्यात अनवाणी. पावसाळ्यातल्या चिखलात अनवाणी पायानं खेळायची कला आपल्याकडं खरोखर होती, खोटं नाही. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारत फ्रान्सकडून फक्त १-२ नं हरला आणि त्यातही आपण दोन पेनल्टी घालवल्या होत्या. लोकांना वाटलं, बूट कशाला हवेत?

(ता. क. १९५० चा वर्ल्डकप भारतानं अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून सोडला, हा व्हॉट्सॲप फॉरवर्ड तुमच्याकडंही आला असेल. तेव्हा फेडरेशननं सरावाला वेळ नाही आणि निवडीवरून मतभेद आहेत अशी कारणं दिली होती. मुळात वर्ल्डकपचं महत्त्वच कुणाला वाटत नव्हतं, सगळ्यांचं लक्ष ऑलिम्पिककडं होतं.)

भारताच्या टीमची सूत्रं रहीम यांच्याकडं आली आणि १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा भरल्या. भारतानं इंडोनेशियाला ३-० नं हरवलं, अफगाणिस्तानला ३-० नं हरवलं आणि फायनलमध्ये इराणला १-० नं. गोल साहू मेवालालचा, कॅप्टन शैलेन मन्ना. गोल्ड मेडल.

सगळ्यांना मेवालालचा गोल आठवतो. मी मात्र दुसरा आकडा बघायला सांगेन. तीन मॅच आणि अंगावर गोल शून्य.

पण ही धुंदी एका वर्षात उतरली. १९५२, हेलसिंकी ऑलिम्पिक. समोर युगोस्लाव्हिया. थंडी मरणाची आणि आपले बरेच खेळाडू अनवाणी. निकाल, युगोस्लाव्हिया १०, भारत १. तो एक गोल अहमद खानचा.

दहा गोल. आजही भारतीय फुटबॉलच्या इतिहासातला हा सगळ्यात मानहानीचा दिवस मानतात. या पराभवानंतर फेडरेशननं बूट सक्तीचे केले. पण बूट घातले म्हणून बचाव सुधारतो का? चूक पायात नव्हती, चूक मैदानावर उभं राहण्याच्या पद्धतीत होती. दोन बॅकना एका वेळी चार फॉरवर्ड अडवता येत नाहीत, हे साधं गणित होतं.

रहीम यांचं वेगळेपण असं की त्यांनी हा पराभव अभ्यासाला घेतला. त्याच ऑलिम्पिकमध्ये हंगेरीनं युगोस्लाव्हियाला हरवून गोल्ड जिंकलं होतं. पुस्कासची तीच ती हंगेरी. तिचा सेंटर फॉरवर्ड पुढं उभाच राहायचा नाही, मागं सरकून खेळायचा. मग समोरच्या स्टॉपरला कळायचंच नाही, याच्या मागं जायचं की जागा धरून राहायचं. मागं गेला तर मधला रस्ता मोकळा, नाही गेला तर हा मोकळा.

रहीम यांनी हे उचललं आणि भारतीय टीमला शिकवलं. मागं तिसरा बॅक आणला. पुढं चार बॅक, दोन मिडफिल्ड, चार फॉरवर्ड अशी ४-२-४ ची मांडणीही त्यांनी भारतात रुजवली. १९५८ चा वर्ल्डकप ब्राझीलनं याच मांडणीवर जिंकला आणि मग जगानं ती डोक्यावर घेतली. आपल्याकडं एक शाळामास्तर तिच्या मागं त्याच्याही आधीपासून लागला होता.

कलकत्त्याच्या फुटबॉलला हे सहज पचलं नाही. फुटबॉलची राजधानी ती. मोठे क्लब तिथले, पेपरवाले तिथले. हैदराबादचा एक माणूस येऊन आपल्याला सांगतो की तुमचा खेळ जुना झालाय? पण निकालापुढं वाद फार टिकत नाहीत.

शिकवायची पद्धत मात्र मास्तरचीच राहिली. पूर्वी भारतातल्या स्पर्धांमध्ये मॅच ७० मिनिटांची असायची. आंतरराष्ट्रीय मॅच ९० मिनिटांची. शेवटच्या वीस मिनिटांत आपली टीम बसायची, कारण तेवढं पळायची सवयच नव्हती. म्हणून रहीम यांचा जोर दमसासावर. दुसरा जोर एका टचमध्ये पास देण्यावर. बॉल तुमच्याकडं जितका कमी वेळ, तितकं समोरच्याला अंगावर यायला कमी मिळणार. अंगानं दणकट युरोपियन खेळाडूशी धक्काबुक्की करून आपण जिंकणार नाही, तेव्हा धक्का बसायच्या आत बॉल पुढं पाठवायचा. ड्रिबलिंगबंदीच्या त्या स्पर्धा कशासाठी होत्या, ते आता कळलं असेल.

आणि पोरं शोधणं. तुलसीदास बलराम हे त्यातलं गाजलेलं उदाहरण. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडाचा गरीब घरातला मुलगा. रहीम यांनी त्याला खेळताना बघितलं आणि हैदराबादला सरावाला यायला सांगितलं. पोराची अडचण अशी की यायचं कशानं? सायकल भाड्यानं घ्यायलाही पैसे नाहीत. ते भाडं रहीम यांनी स्वतः दिलं. हा बलराम पुढं दोन ऑलिम्पिक खेळला आणि भारताच्या आजवरच्या सगळ्यात गुणी फॉरवर्डमध्ये त्याचं नाव घेतलं जातं.

मग आलं १९५६, मेलबर्न ऑलिम्पिक.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. हैदराबाद राज्य नकाशावरून गेलं, मराठवाडा मुंबई राज्यात आला. बरोबर एक महिन्यानं, १ डिसेंबरला, रहीम यांची टीम मेलबर्नमध्ये यजमान ऑस्ट्रेलियासमोर उभी होती. टीममध्ये हैदराबादच्या पोरांचा भरणा होता. अझिझुद्दीन, नूर मोहम्मद, झुल्फिकारुद्दीन, बलराम. आणि सेंटर फॉरवर्डला होता नेव्हिल डिसोझा, जन्म गोव्याचा आणि खेळ मुंबईचा.

भारत ४, ऑस्ट्रेलिया २. नेव्हिलचे तीन गोल. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. आणि भारत ऑलिम्पिकच्या सेमीफायनलला जाणारी पहिली आशियाई टीम.

सेमीफायनलला समोर पुन्हा तोच युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी दहा गोल ठोकलेला.

हाफटाइमला स्कोर ०-०. तिसरा बॅक, जागा धरून खेळणं, सगळं कामाला आलं होतं. दुसऱ्या हाफमध्ये नेव्हिलनं गोल मारला आणि भारत चक्क १-० नं पुढं गेला. पण पुढच्या पंचवीसेक मिनिटांत चार गोल झाले, त्यातला एक आपल्याच खेळाडूकडून. हरलो १-४. ब्राँझच्या मॅचमध्ये बल्गेरियानं ३-० नं हरवलं. चौथा नंबर.

मेडल नाही मिळालं. पण दहा गोल खाणारी टीम चार वर्षांत त्याच टीमविरुद्ध अर्धी मॅच शून्यावर धरते आणि आघाडी घेते, ही प्रगती कुठल्या टेबलात मांडता येत नाही.

१९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये गट अवघड पडला. हंगेरीकडून १-२ नं हरलो, फ्रान्सला १-१ वर रोखलं, पेरूकडून १-३ नं हरलो. फ्रान्सविरुद्धचा गोल कॅप्टन पी. के. बॅनर्जीचा. याच टीममध्ये रहीम यांचा मुलगा एस. एस. हकीमही होता. बाप कोच, मुलगा टीममध्ये. आपल्याकडं अशा वेळी काय होतं ते सांगायला नको. हकीमला त्या स्पर्धेत एकही मॅच खेळायला मिळाली नाही.

रोमनंतर भारत ऑलिम्पिकच्या फुटबॉलमध्ये परत कधी दिसला नाही.

आता १९६२. जकार्ता आशियाई स्पर्धा. रहीम बावन्न-त्रेपन्न वर्षांचे होते आणि आजारी होते. आजार फुफ्फुसाच्या कॅन्सरचा.

स्पर्धेची सुरुवातच खराब झाली. दक्षिण कोरियानं २-० नं हरवलं. पुढं थायलंडला ४-१ नं हरवलं, पण त्या मॅचमध्ये टीमचा सगळ्यात भरवशाचा स्टॉपर जर्नेलसिंग जखमी झाला. डोक्याला टाके पडले. जर्नेलसिंग म्हणजे आशियातला त्या काळातला पहिल्या नंबरचा डिफेंडर. तो गेला म्हणजे भिंतच गेली. जपानला त्याच्याशिवाय २-० नं हरवून भारत कसाबसा सेमीफायनलला पोचला.

आता विचार करा, तुम्ही कोच आहात. डोक्याला टाके असलेला डिफेंडर. त्याला हेडिंग टाळायचंय, पण स्टॉपरला हेडिंग टाळून कसं चालेल? येणारा प्रत्येक उंच बॉल त्यालाच परतवायचा असतो. बाहेर बसवावं, तर इतका ताकदीचा माणूस वाया जातो.

रहीम यांनी त्याला सेंटर फॉरवर्ड केलं.

टीमचा सगळ्यात मोठा डिफेंडर सगळ्यात पुढं. मागची जागा अरुण घोष आणि बाकीच्या बचावानं सांभाळायची. बाहेरून बघणाऱ्याला हा जुगार वाटेल. पण कुणीही कुठंही खेळू शकला पाहिजे, हेच रहीम इतकी वर्षं शिकवत होते. कॉलेजच्या दिवसांत जर्नेल फॉरवर्ड खेळायचा, हेही त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

सेमीफायनलला दक्षिण व्हिएतनाम. भारत ३-२ नं जिंकला. दोन गोल कॅप्टन चुनी गोस्वामीचे आणि एक जर्नेलसिंगचा.

फायनलला पुन्हा दक्षिण कोरिया. आणि इथं एक भलतंच लफडं होऊन बसलं होतं.

यजमान इंडोनेशियानं इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना व्हिसाच दिला नव्हता. भारताचे ऑलिम्पिक पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. मग या स्पर्धांना आशियाई म्हणायचं कशाला, असा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा तत्त्वाचा होता, पण जकार्ता पेटलं. फायनलच्या आदल्या दिवशी, ३ सप्टेंबरला, जमावानं भारताच्या वकिलातीवर हल्ला केला. भारतीय खेळाडूंना रस्त्यावरून जाताना सांभाळून राहावं लागत होतं.

त्या रात्री खेळाडूंना झोप येत नव्हती. काही जण बाहेर फिरायला निघाले तर रहीम साहेबही जागेच होते. त्यांनी खेळाडूंजवळ एकच मागणं मागितलं, उद्याचं गोल्ड मला भेट म्हणून द्या. त्या रात्री तिथं असलेले खेळाडू म्हातारपणापर्यंत ही आठवण सांगत राहिले.

४ सप्टेंबर १९६२. सेनायान स्टेडियम. लाखभर लोक. भारताचं राष्ट्रगीत सुरू झालं तरी हुर्यो थांबेना. भारतीय खेळाडूच्या पायात बॉल आला की आरडाओरडा. सगळ्या स्टेडियममध्ये भारताच्या बाजूनं ओरडणारे मूठभर होते आणि त्यांच्यात कोण होतं तर पाकिस्तानच्या हॉकी टीमचे खेळाडू. याच स्पर्धेत त्यांनी हॉकीच्या फायनलमध्ये भारताला हरवलं होतं. ही आठवणही आपल्याच खेळाडूंनी पुढं सांगितलेली.

गोलकीपर पीटर थंगराज तापातून उठून उभा राहिला होता. मिडफिल्डला फॉर्च्युनाटो फ्रँको, गोव्यातल्या कोलवाळचा, वाढलेला आणि खेळलेला मुंबईत, टाटाच्या टीमकडून. बचावात ओ. चंद्रशेखर, मूळचा केरळचा पण नोकरी आणि खेळ मुंबईत कॅलटेक्सकडून. मुंबईच्या ऑफिस टीमनी देशाला किती खेळाडू दिलेत, यावर कधीतरी वेगळं लिहायला हवं.

सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीनं पहिला गोल मारला. तीनच मिनिटांनी, विसाव्या मिनिटाला, दुसरा. मारणारा जर्नेलसिंग, डोक्याला टाके असलेला डिफेंडर.

मग उरली सत्तर मिनिटं. स्टेडियम अंगावर आलेलं, कोरियन टीम लाटेसारखी येत राहिलेली. हेलसिंकीतल्या भारताचं या सत्तर मिनिटांत काय झालं असतं, याचा अंदाज करा. जकार्तातल्या भारतानं फक्त एक गोल दिला, तोही मॅच संपायला पाचेक मिनिटं असताना. भारत २, दक्षिण कोरिया १.

रहीम साहेबांना भेट मिळाली.

जकार्ताहून परत आल्यावर आजार बळावत गेला. ११ जून १९६३ ला हैदराबादमध्ये ते गेले. गोल्डला नऊ महिने झाले होते. वय ५३.

पुढं काय झालं? १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकला भारत पात्रच ठरला नाही. त्याच वर्षी इंग्लिश कोच हॅरी राइट यांच्या हाताखाली आशिया कपमध्ये दुसरा नंबर आला, पण मैदानावर उतरलेली पोरं रहीम यांनीच तयार केलेली होती. १९७० मध्ये बँकॉकला आशियाई स्पर्धेत ब्राँझ मिळालं. त्या टीमचे कोच होते पी. के. बॅनर्जी, म्हणजे जकार्ताचा पहिला गोल मारणारे, आणि कॅप्टन सय्यद नईमुद्दीन, हैदराबादचाच. रहीम यांच्या शाळेतली शेवटची बॅच म्हणा हवं तर. ती संपली आणि मेडलही संपली.

त्यांनी काय शिकवलं, कसं शिकवलं, हे कुणी वेळेत नीट लिहून ठेवून देशातल्या बाकीच्या कोचना शिकवलं नाही. ते एका माणसाच्या डोक्यात आणि पंचवीस-तीस खेळाडूंच्या पायात होतं. डोकं १९६३ ला गेलं, पाय हळूहळू थकले. सलग पाच रोव्हर्स जिंकणारी हैदराबाद पोलीसची टीम मागं पडली. पुढं खुद्द रोव्हर्स कपही बंद पडला.

कोचना द्यायचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाला, रहीम यांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी. मुलगा हकीम हवाई दलात अधिकारी झाला, फिफाचा रेफ्री झाला, कोचही झाला. २०१७ मध्ये त्याला ध्यानचंद पुरस्कार मिळाला. वडिलांवर पिक्चर बनत होता तेव्हा तो हयात होता, पण कोरोनाच्या काळात शूटिंग आणि रिलीज लांबत गेलं. ऑगस्ट २०२१ मध्ये हकीम गेले. मैदान थिएटरला लागला एप्रिल २०२४ मध्ये.